वेताळ टेकडीवरची रानफेरी: आधी नाव, मग उपटणं

टेकडीची_वाट

पितृपक्षातल्या रविवारी आम्ही 22 जण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रानफेरीला गेलो होतो. काय काय पाहिलं त्याची यादी टाका, असा बरोबरच्या मंडळींचा आग्रह आहे, म्हणून हा धागा. नुसत्या यादीनं भागणार नाही असं वाटलं, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पंचवटीच्या बाजूनं चढलो, खाणीच्या कडेनं वेताळाच्या देवळाकडे गेलो आणि आल्या वाटेनं उतरलो. रोज फिरायला येणारी मंडळी एवढं अंतर सहज तासाभरात उरकतात. आम्हाला साडेतीन तास लागले. पहिली वीस मिनिटं तर गाड्या लावल्या तिथेच गेली. तिथल्या मातीच्या ढिगावर गाजर गवत, दगडी पाला, टाकळा, केना आणि हराळी अशा पाच वनस्पती हातभर जागेत उभ्या होत्या. ‘यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं?’ असं विचारलं तर पाच जणांची पाच उत्तरं आली.

फेरीचा नियम एकच होता: नाव कळल्याशिवाय काहीही उपटायचं नाही. हा नियम मी का धरून बसते ते सांगते. सहा वर्षांपूर्वी अशाच एका टेकडीवर वृक्षारोपणाला गेले होते. आम्हाला माळावर खड्डे घ्यायला सांगितले. कुदळ मारली की मुठीएवढे पांढरे कांदे वर यायचे. कुणीतरी म्हणालं, रानटी कांदे आहेत, टाका बाजूला. दुपारपर्यंत कडेला त्यांचा ढीग झाला. शेळ्या घेऊन एक मामा आले, ढिगाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “हा रानकांदा. उन्हाळ्यात सगळा माळ करपतो तेव्हा ह्याचा दांडा उभा राहतो नि फुलतो. कशाला काढलात?” आमच्यातल्या कुणाकडेही उत्तर नव्हतं. आम्ही लावलेली रोपं पुढच्या वैशाखापर्यंत बहुतेक वाळली. तेव्हापासून मी कुदळ हातात घेण्याआधी नावं शिकायला लागले.

तर आता टेकडी.

वाटेच्या सुरुवातीला उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पटकन वाढतं, तोडलं तरी फुटतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या काही दशकांत भरपूर लावलं गेलं. त्या बनात शिरलो तेव्हा मी सगळ्यांना खाली बघायला सांगितलं. पायाखाली पाचोळा, उंदीरमारीचीच रोपं, एका उजेडाच्या कवडशात घाणेरीचं झुडूप, आणि बाकी जवळजवळ काही नाही. तिथून बाहेर पडलो आणि खाणीच्या वरच्या उघड्या कातळावर आलो. इथे माती बोटभरसुद्धा नाही. तरी गुडघे टेकून बसल्यावर एकेक दिसायला लागलं: आभाळीची शेवटची निळी-जांभळी फुलं, पिवळा कवळा, मारवेल, पवन्या, काळ्या मुसळीची पानं, सुकत चाललेला तेरडा, कुंपणाच्या तारेवर पानाच्या टोकांनी चढलेली कळलावी. कळलावीची फुलं सरत आली होती, एकच राहिलं होतं, खालून पिवळं आणि वर लालभडक झालेलं. बरोबरच्या एका आजींनी तेरडा बघितल्याबरोबर गौरीची आठवण काढली. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सगळ्यांना पाठ, पण रानात उभा असलेला तेरडा निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला.

मोठी झाडं म्हणाल तर सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, वारस, हेंकळ. सालईची साल कागदासारखी सुटते आणि पान चुरगळलं की उदासारखा वास येतो. तो प्रत्येकानं घेतला. मेडशिंगीच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या असतात. एकदा पाहिल्या की नाव विसरत नाही. ही सगळी पानगळीची झाडं. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत, त्याला जुळवून घेतलेली. उन्हाळ्यात ती निष्पर्ण होतात म्हणून टेकडी ‘उजाड’ दिसते आणि कुणाला तरी ती हिरवी करावीशी वाटते. माझ्या मते आपल्या टेकड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच चांगल्या इच्छेनं झालं आहे.

आता कुसळीबद्दल. एका सात वर्षांच्या मुलीच्या मोज्यात कुसळं घुसली होती आणि ती रडकुंडीला आली होती. आम्ही एक कुसळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं. खाली सुईसारखं टोकदार बी, वर काळपट पिळलेलं शेपूट. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. क्षणभर काहीच झालं नाही, मग शेपटाचा पीळ सुटायला लागला आणि ते हातावर हळूहळू गोल फिरलं. पाऊस पडला की शेपूट फिरतं, वाळलं की परत पीळ बसतो, आणि बी मातीत स्वतःला स्क्रूसारखं बसवून घेतं. पोरगी रडायची थांबली आणि तिनं स्वतःहून दुसऱ्या मोज्यातली कुसळं काढून डबीत भरली. कुसळी आपल्या दख्खनच्या माळांवरचं अगदी जुनं गवत आहे. कपड्यांना चिकटतं म्हणून लोक त्याला तण म्हणतात.

उतरताना कॉसमॉसचा ताटवा लागला, कमरेएवढा उंच, नारिंगी. चार-पाच जण फोटो काढत होते. दिसतो सुंदरच. पण हाही मेक्सिकोचा, आणि दर पावसाळ्यात चार पावलं पुढे सरकतोय हे मी डोळ्यांनी पाहतेय. तुमच्या भागातल्या टेकड्यांवर, माळांवर काय दिसतं तेही लिहा.

सकाळचा_फेरा

धागा आवडला. लिहिलंय मनापासून. पण एका बाबतीत माझं वेगळं मत आहे.

मी 1983 सालापासून या टेकडीवर चालायला येतो. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत इथे उभं राहायला सावली नसायची. आज ग्लिरिसिडियामुळे सावली आहे, पाखरं आहेत, माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नऊ वाजेपर्यंत चालता येतं. फेब्रुवारीत ती झाडं गुलाबी फुलतात तेव्हा दृष्ट लागावी असं दिसतं. चाळीस वर्षं जे झाड इथे उभं आहे त्याला परकं का म्हणायचं? चिंच तरी कुठे आपली होती? आणि उद्या कुणी ‘परकी झाडं तोडा’ म्हणत करवती घेऊन आलं, तर त्या मोकळ्या जागेवर रस्ता किंवा इमारत येणार नाही याची खात्री कोण देणार?

टेकडीची_वाट

काका, तुमची शेवटची भीती मलाही वाटते, म्हणून आधी तिचंच. झाडं तोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. ती वनखात्याची जमीन आहे, तिथली फांदीसुद्धा आपण परवानगीशिवाय तोडू शकत नाही, आणि तेच योग्य आहे.

चिंच आफ्रिकेतून आली हे खरंच. गुलमोहर मादागास्करचा, सीताफळ, पेरू, पपई, मिरची अमेरिकेतली. परकं ते सगळं वाईट असं अजिबात नाही. फरक पडतो तो पसरण्यात. चिंचेनं डोंगरच्या डोंगर व्यापून खालचं गवत मारलेलं मी पाहिलेलं नाही. उंदीरमारी मात्र शेंग तडकवून बी लांब उडवते, दाट होते, आणि खाली दुसऱ्या कुणाला उजेड मिळू देत नाही. नावातच सगळं आहे: तिच्या बिया आणि साल उंदरांवर विष म्हणून वापरतात.

मला वाटतं ते एवढंच, की आहे ती सावली राहू दे, पण नवीन लावताना तेच झाड पुन्हा लावू नये. बनाच्या कडेकडेनं धावडा, मोई, वारस लावावेत, आणि कातळावरचा उघडा माळ उघडाच ठेवावा. तिथे खड्डेच घेऊ नयेत. चंडोल आणि तितरं बनात राहत नाहीत, त्यांना माळच लागतो.

वावरकरी

आमची बार्शीकडे कोरडवाहू शेती आहे. तण म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. जे पेरलं नाही आणि पिकाचं खातं ते तण. ते इथलं आहे का अमेरिकेचं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हराळीचंच बघा. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो त्या दूर्वा आणि आमच्या वावरात ज्या हराळीनं माझ्या आज्याची कंबर मोडली ती हराळी, दोन्ही एकच. कुंदा, हराळी आणि लव्हाळा ज्या रानात शिरला ते रान साफ करायला पिढी जाते म्हणतात. लव्हाळ्याची एक गाठ मातीत राहिली की पुढच्या पावसाला दहा कोंब.

केना तर अजून चिवट. खुरप्यानं तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पेरावर मुळं धरतो. आणि एक गंमत सांगतो, रानफेरीवाल्यांनी जरूर बघावी. केना मुळासकट अलगद उपटा आणि माती झटका. वर निळी फुलं असतात ती सगळ्यांना माहीत आहेत, पण खाली जमिनीत पांढुरक्या दांड्यांवर बारीक बोंडं दिसतील. तीसुद्धा फुलंच. न उमलता जमिनीच्या आतच त्यांच्यात बी धरतं. वरून कितीही कापा, खाली बियाणं तयार असतं.

आता दुसरी बाजू. माझी आई श्रावणात याच केन्याच्या पानांची भजी करायची. टाकळा, कुरडू, तांदुळजा, घोळ, पाथरी या सगळ्या बांधावरच्या भाज्या. खुरपायला गेलेल्या बाया ओट्यात भाजी भरून आणायच्या. आज मजूर मिळत नाही, सोयाबीनवर तणनाशक मारावं लागतं. मीही मारतो, घर त्याच्यावर चाललंय. पण बांधावर आता घोळ शोधावी लागते. गाजर गवत मात्र रस्त्याच्या कडेला कंबरेएवढं उभं आहे.

चिमुकलीची_आई

मोज्यात कुसळं गेलेली ती मुलगी माझी! डबी घरी आली आहे. आल्यागेल्या प्रत्येकाला ती वाटीत पाणी घेऊन खेळ दाखवते. काल वॉचमनकाकांना दाखवला, तर ते म्हणाले, आमच्या गावाकडे म्हशीच्या तोंडात टोचतात म्हणून कुसळं धरायच्या आत गवत कापतात.

माझा प्रश्न: टाकळा, कुरडू अशा भाज्या टेकडीवरून आणून खाव्यात का? आणि टाकळा नक्की कसा ओळखायचा?

टेकडीची_वाट

आमच्या फेरीत आम्ही काहीच तोडत नाही, त्यामुळे खाण्यासाठी टेकडीवरून आणू नका. पावसाळ्यात मंडईच्या बाहेर आणि उपनगरांच्या बाजारात गावाकडच्या बायका टाकळा, कुरडू, फोडशी घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या. त्यांना नीट विचारलं तर निवडायचं कसं आणि करायचं कसं तेही सांगतात. टाकळा अगदी कोवळा असताना घ्यायचा. भरपूर लसूण आणि थोडी भिजवलेली डाळ घालून परतला की झालं.

ओळखण्याचं म्हणाल तर टाकळ्याची पानं तीन जोड्यांची, टोकाकडे रुंद, आणि संध्याकाळी हात जोडल्यासारखी मिटतात. पण त्याच्यासारखाच दिसणारा एक केसाळ भाऊबंद हल्ली पुण्याभोवती प्रचंड पसरलाय. त्याच्या पानांवर आणि शेंगांवर लव असते. तो अमेरिकेतून आलेला आहे, आणि तो भाजीत खात नाहीत. म्हणून पुन्हा तेच: नुसत्या फोटोवरून रानभाजी तोडू नका, जाणत्या माणसाकडून शिका. कळलावीचा कंद तर जीवघेणा विषारी असतो आणि तीच कळलावी आमच्या फेरीत भाज्यांपासून दहा पावलांवर होती.

जुनी_पानं

गाजर गवताबद्दल फेरीत काय सांगितलंत? ‘पीएल 480 च्या (म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदत योजनेतल्या) गव्हातून आलं’ असंच ना? आपण सगळे लहानपणापासून हेच ऐकतो. त्यात थोडी दुरुस्ती सुचवतो.

भारतात हे गवत ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यातच, 1955 मध्ये, उकिरड्यांच्या आसपास. ती नोंद 1956 मध्ये छापून आली. आणि पीएल 480 खालचा अमेरिकेबरोबरचा मोठा करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. म्हणजे गवत आधी दिसलं आणि करार नंतर. अर्थात अमेरिकन गहू त्याच्या आधीही, 1951 च्या टंचाईच्या काळात आपल्याकडे आला होता, त्यामुळे धान्यातून बी आलं असण्याची शक्यता उरतेच. शिवाय भारतातले याचे काही तुरळक नमुने त्याच्याही फार आधीचे असल्याचं वनस्पतितज्ज्ञ सांगतात. एकदाच आलं असं धरून चालायचं कारण नाही.

‘काँग्रेस गवत’ या नावाच्याही दोन कथा ऐकल्यात. कुणी म्हणतं फुलं पांढऱ्या टोप्यांसारखी दिसतात म्हणून, कुणी म्हणतं त्या राजवटीत धान्याबरोबर आलं म्हणून. आमच्या घरी मात्र ‘चटकचांदणी’ म्हणायचे. फूल भिंगाखाली धरा, पाच कोपऱ्यांची चांदणी खरंच दिसते.

टेकडीची_वाट

तुम्ही पकडलंत! मी फेरीत पीएल 480 चीच गोष्ट सांगितली होती. पुढच्या वेळी अशी सांगेन. दुरुस्तीबद्दल मनापासून आभार.

त्या चांदणीच्या एका झाडाला 10,000 ते 25,000 बिया धरतात. म्हणून ते फुलायच्या आत काढायचं. कोवळं असताना त्याची पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली असतात, अगदी गाजराच्या पाल्यासारखी. तेव्हाच हातमोजे घालून मुळासकट काढावं. फुललेलं गवत उघड्या हातांनी उपटू नका. माझ्या बहिणीला त्यानं अंगावर चट्टे आले होते आणि ते जायला महिने लागले. दम्याच्या लोकांनी तर लांबच राहावं.

फेरीत आम्हाला गाजर गवताच्या पानांवर एक भुंगेराही सापडला, पिवळट पांढरा, पाठीवर गडद वेड्यावाकड्या रेघा. हा मेक्सिकोचा भुंगेरा गाजर गवत खाण्यासाठीच आणला गेला आणि 1984 मध्ये बंगळूरला सोडला गेला. आता तो आपणहून सगळीकडे पोचलाय. पावसाळ्यात पानांची चाळण करतो, पाऊस संपला की जमिनीत जाऊन झोपतो. दिसला तर मारू नका.

आंबोळी

आमच्या कुडाळच्या बाजूला रानमोडी. जिथे रान तुटलं, डोंगर भाजला, रस्ता काढला, तिथे दुसऱ्या वर्षी रानमोडी हजर. पानावर तीन ठळक शिरा, चुरगळलं की उग्र वास, थंडीत फिकट जांभळी-पांढरी झुपकेदार फुलं आणि मग कापसासारख्या उडणाऱ्या बिया. हीसुद्धा अमेरिकेकडची. आमच्या लहानपणी पाय कापला की आजी म्हणायची, “रानमोडीचो पालो चुरून लाव, रगत बंद होतला.” आणि खरंच व्हायचं. त्यामुळे तिच्याबद्दल नुसता राग मनात येत नाही.

आणि काजू? तो ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची शिक्षणं काजूवर झाली. त्याला परका कसं म्हणू? पण कातळावर, सड्यांवर (आमची जांभ्याची उघडी पठारं) सरसकट काजू लावायला निघालेत तेव्हा मला भीती वाटते. पावसाळ्यात आमच्या सड्यावर सीतेची आसवं फुलतात, जांभळा गालिचा. जांभा फोडून, माती टाकून एकदा बाग झाली की ती परत येत नाहीत. इथे झाड परकं की आपलं हा प्रश्नच नाही, जागा कोणाची होती हा आहे.

टेकडीची_वाट

आंबोळी, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

फुलपाखरी

मी फेरीत होते आणि सगळे झाडं बघत असताना मी अळ्या बघत होते. त्यांची नोंद इथे करते.

टाकळ्यावर पिवळसर फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या होत्या, पानाच्या शिरेला इतक्या चिकटून की बोट लावेपर्यंत कळत नव्हतं. रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. तिचं फुलपाखरू नारिंगी होतं आणि रुईच्या चिकामुळे पक्ष्यांना कडू लागतं. आणि घोळीवर छोट्या चांदव्याची मादी अंडी घालत होती. तिचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे चांदवे असलेला, पण मादी हुबेहूब त्या रुईवरच्या कडू फुलपाखरासारखी दिसते. पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. या सगळ्या नाटकासाठी दोन झाडं लागतात, रुई आणि घोळ, आणि दोन्ही आपण ‘साफसफाई’त पहिली उपटतो.

दगडी पाला अमेरिकेचा असला तरी त्याच्या फुलांवर मध प्यायला निम्मी फुलपाखरं येतात, हेही खरं. पण मध पिणं वेगळं आणि अंडी घालणं वेगळं. दगडी पाल्यावर मला आजवर एकाही फुलपाखराची अळी सापडलेली नाही. खानावळ आहे, घर नाही.

दक्षिणवारा

ब्रिस्बेनहून लिहितोय. हा धागा वाचून इथल्या एका रानफेरीची आठवण झाली.

इथे आमच्या क्वीन्सलंड राज्यात गाजर गवत मोठं संकट मानलं जातं. त्या भागातून गाड्या आणि शेतीची यंत्रं बाहेर काढताना बी चिकटून जाऊ नये म्हणून ती धुण्याची खास ठिकाणं आहेत. घाणेरीही इथे तितकीच माजलेली आहे. फेरीतल्या बाईंनी दोन्ही दाखवली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, ही आमच्याकडेही आहेत.

मग त्या म्हणाल्या, आता तुमच्याकडून आलेलं दाखवते. त्यांनी चित्र दाखवलं: पिवळ्या गोंड्यांची फुलं, पांढरे लांब काटे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. आपली बाभूळ! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून इथे आणली. गुरं शेंगा खातात, शेणातून बी पसरतं, आणि लाखो हेक्टर गवताळ माळ तिनं काटेरी करून टाकलाय. देशातल्या सगळ्यात घातक तणांच्या यादीत तिचं नाव आहे.

माझ्या आजोबांच्या नांगराचं लाकूड बाभळीचं. दात घासायला बाभळीची काडी, शेळ्यांना बाभळीच्या शेंगा. ते चित्र बघताना मला आपलं माणूस परक्या गावात आरोपी म्हणून उभं केलेलं बघावं तसं वाटलं. पण त्या बाईंचंही चुकत नव्हतं. गावाकडे ती खाणारे किडे, भुंगेरे, शेळ्या, सरपणाला तोडणारी माणसं सगळी असतात. इथे तिच्यामागे कुणीच आलं नाही.

वावरकरी

बाभळीचं ऐकून सुन्न झालो. आमच्याकडे उलट आता बाभूळ बांधावरून कमी होत चाललीय.

टेकडीची_वाट

काही जणांनी व्यक्तिगत निरोपात सोनकी आणि कॉसमॉसमधला फरक विचारला, तो इथेच लिहिते म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल. सिंहगडावर सध्या दोन्ही दिसतील.

सोनकी आपली, सह्याद्रीची. उंची गुडघ्याच्या आतबाहेर, फूल रुपयाच्या नाण्याएवढं, शुद्ध पिवळं. उतारावर एकत्र फुलते आणि तिच्यात गवत, तेरडा, कवळा असं बाकीचंही नांदत असतं. कॉसमॉस कमरेच्या वर जातो, रंग नारिंगीकडे झुकलेला, पान चिरलेलं, पाकळीचं टोक करवतीसारखं. त्याचं बी लांबट काडीसारखं असतं आणि टोकाला दोन काटे असतात, ते कपड्यांना, कुत्र्याच्या केसांना धरून प्रवास करतात. ताटव्यात उभं राहून फोटो काढला तर घरी जायच्या आधी पँट झटका, आणि तीही तिथेच, वर माळावर जाऊन नव्हे. बी गोळा करून रस्त्याच्या कडेला ‘सुशोभनासाठी’ फेकणारे भेटले तर त्यांना प्रेमानं थांबवा. घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झाड म्हणूनच आली होती, आणि मग बुलबुलांनी तिची फळं खाऊन ती देशभर पेरली.

कॉसमॉस काढायची मोहीम आम्ही परवानगी घेऊन पुढच्या पावसाळ्यात, रोपं वीतभर असताना करणार आहोत. तेव्हा पानावरून ओळखता यायला हवं, म्हणून हिवाळ्यात दोन फेऱ्या नुसत्या ओळखीसाठी ठेवतोय.

कोरी_वही

नमस्कार. मी इथे नवीन. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर दर रविवारी ‘तण काढणं’ चालतं आणि मला त्यातलं काहीच ओळखू येत नाही. सुरुवात कुठून करू? मोबाइलवरच्या अॅपवर भरवसा ठेवावा का?

टेकडीची_वाट

अॅप वापरा, पण त्याचं उत्तर म्हणजे शेजाऱ्यानं सांगितलेलं नाव समजा. पडताळून घ्यायचं. माझ्याच मोबाइलनं मेडशिंगीला तीन वेगवेगळी नावं दिली आहेत.

फोटो काढताना फूल समोरून आणि बाजूनं, पान दोन्ही बाजूंनी, खोड, सगळं झाड आणि ते उभं आहे ती जागा, एवढं घ्या. आकार कळायला शेजारी बोट धरा. इथे टाका, कुणी ना कुणी सांगेल. आणि एकदम पन्नास नावांच्या मागे लागू नका. प्लॉटवरची दहा झाडं घ्या आणि त्यांना वर्षभर भेटत राहा: कधी उगवतं, कधी फुलतं, त्याच्यावर कोण येतं, त्याला कोण खातं. तण काढणाऱ्यांना एवढंच सांगा, की या हंगामात फक्त गाजर गवत काढू या, बाकीच्यांची नावं आधी लिहू या.

सकाळचा_फेरा

तुमचा धागा वाचल्यापासून रोज सकाळी खाली बघत चालतोय. आधी कधी असं चाललो नव्हतो.

ग्लिरिसिडियाच्या बनात खरंच दुसरं काही नाही, हे मान्य. पण आज देवळाच्या अलीकडे, जिथे एक वाळकं झाड पडून उजेड आलाय, तिथे गुडघ्याएवढं एक रोप दिसलं. पानं साधी, लांबट गोल, थोडी राखाडी झाक. मला ते धावड्याचं वाटतंय. चालणाऱ्यांच्या पायाखाली येऊ नये म्हणून भोवती चार दगड लावून ठेवलेत. फोटो नातीकडून काढून घेऊन टाकतो. धावडाच आहे ना?

टेकडीची_वाट

काका, फोटो बघितला. वाटतोय तरी धावडाच. पण एवढ्या लहान रोपावरून मी पैज लावणार नाही. थंडी सरत आली की धावड्याची पानं तांब्यासारखी लाल होतात आणि मग गळतात. हे रोप तोवर टिकलं तर तेव्हा एकदा बघा. दगड चांगले लावलेत, फक्त खोडापासून वीतभर लांब करा.

सकाळचा_फेरा

उद्या सकाळी सरकवतो. माघात कळवतो.